समुद्र एवढा मोठा, तरी पाण्याची टंचाई का?

ओलावा:
पृथ्वीवरच्या पाण्यापैकी सुमारे ९७.५ टक्के खारं आहे, हे शाळेपासून ऐकत आलोय. उरलेल्यातलंही दोन तृतीयांशाहून जास्त बर्फात अडकलेलं. पण खारं पाणी गोडं करायचं तंत्र आता चांगलं रुळलंय. मग किनाऱ्यांवर प्रकल्प उभारून आणि पाइपलाइन आत नेऊन टंचाई का संपवता येत नाही? कृपया आकड्यांसह सांगा. ‘खूप वीज लागते’ एवढ्यावर समाधान होत नाही.

पंपघर:
समुद्राच्या एका लिटरमध्ये साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात, त्यामुळे त्याचा परासरण दाब (गोड्या पाण्याला खाऱ्याकडे ओढणारा जोर) २७ बारच्या आसपास येतो; १ बार म्हणजे साधारण हवेच्या दाबाएवढा. मेम्ब्रेनमधून, म्हणजे क्षार अडवून पाणी जाऊ देणाऱ्या पातळ पडद्यातून, गोडं पाणी काढायचं तर निदान तेवढा दाब द्यायलाच हवा. निम्मं पाणी काढून घेतलं की उरलेल्यात क्षार दुप्पट होतात आणि दाबही दुप्पट लागतो. म्हणून प्रकल्प ५५ ते ७० बारवर चालवतात. निम्मं पाणी काढायचं तर घनमीटरला (१००० लिटर) सुमारे १ युनिट वीज ही निसर्गाचीच मर्यादा आहे, कुठलंही यंत्र त्याखाली जाणार नाही. चांगल्या प्रकल्पात सगळं धरून ३ ते ४ युनिट लागतात, तेही बाहेर पडणाऱ्या खाऱ्या पाण्यातला दाब परत वापरल्यावर.

आता हिशेब. माणशी रोज १०० लिटर म्हणजे वर्षाला ३६.५ घनमीटर. साडेतीन युनिटने १२८ युनिट झाले. घरगुती पाण्यासाठी हे जमण्यासारखं आहे. शेताचं गणित वेगळं. एका हेक्टरवर १ मिलिमीटर पाणी म्हणजे १० घनमीटर. ५०० मिलिमीटर लागणाऱ्या पिकाला ५००० घनमीटर, म्हणजे एका हंगामात १७,५०० युनिट. तेवढ्या पाण्यात १३७ माणसांचं वर्ष निघतं! आणि जगात उपसल्या जाणाऱ्या गोड्या पाण्यातलं सुमारे ७० टक्के शेतीलाच जातं. टंचाईचं मूळ जिथे आहे तिथे समुद्राचं पाणी परवडत नाही, ते यामुळे.

शिवाय चढ. १ घनमीटर पाणी १०० मीटर वर चढवायला ०.२७ युनिट, पंपाची कार्यक्षमता ७५ टक्के धरली तर ०.३६. हजार मीटरच्या पठारावर न्यायचं तर ३.६. म्हणजे गोडं करायला लागली तेवढीच वीज पुन्हा. पाइपमधलं घर्षण अजून धरलेलं नाही.

ओलावा:
हे स्पष्ट झालं, आभार. मग किनाऱ्यावरच्या शहरांनी तरी हा पहिला पर्याय मानावा का?

क्षारमापी:
माझ्या मते शेवटचा. प्रकल्प नेमका कुठे अडतो ते सांगतो.

मेम्ब्रेनला क्लोरीन अजिबात चालत नाही. आत येणाऱ्या पाइपमध्ये शेवाळ आणि शिंपले धरू नयेत म्हणून क्लोरीन तर घालावाच लागतो. म्हणून मेम्ब्रेनच्या अलीकडे सोडियम मेटाबायसल्फाइट टाकून तो मारतात. हिशेबाने १ मिलिग्रॅम क्लोरीनला १.३४ मिलिग्रॅम पुरतं, पण प्रत्यक्षात ३ टाकतात. हे रसायन मोजून टाकणारा डोसिंग पंप थोडा वेळ बंद पडला तर लगेच काही दिसत नाही, पण मेम्ब्रेनचा वरचा थर कायमचा जातो. पाणी जास्त निघायला लागतं आणि क्षारही वाढतात. ‘उत्पादन वाढलं’ म्हणून खूश होऊ नका, आधी वाहकता (पाण्यातून वीज किती वाहते ते, क्षार वाढले की वाढतं) बघा.

दुसरी अडचण समुद्रात येणाऱ्या सूक्ष्म शेवाळाच्या लाटेची. २००८-०९ मध्ये आखाती भागात अशा लाल लाटेने गाळण्या तुंबल्या आणि काही प्रकल्प बंद ठेवावे लागले.

तिसरी बोरॉनची. समुद्रात तो लिटरला ४.५ ते ५ मिलिग्रॅम असतो आणि साध्या पीएचला मेम्ब्रेनमधून बराच निसटतो. लिंबूवर्गीय झाडं अर्ध्या मिलिग्रॅमच्या पुढे त्रास दाखवायला लागतात: जुन्या पानांची टोकं आधी पिवळी पडतात, मग कडा करपतात. पीएच १० च्या आसपास नेऊन पाणी दुसऱ्यांदा गाळावं लागतं, की पुन्हा वीज. शिवाय तयार पाण्यात कॅल्शियम जवळजवळ उरत नाही. चुना आणि कार्बन डायऑक्साइड घालून ते परत दिलं नाही तर शहराचे जुने पाइप आतून खायला सुरुवात होते.

पाऊस आला तर काय, हाही प्रश्न आहेच. मेलबर्नचा मोठा प्रकल्प २०१२ मध्ये पूर्ण झाला तोवर दुष्काळ सरला होता. त्यातून शहराला पाणी मिळालं ते थेट २०१७ मध्ये.

मधली वाट:
क्षारमापी यांच्याशी सहमत. समुद्राआधी सांडपाणी बघा. त्यात क्षार समुद्राच्या तुलनेत अगदी थोडे, लिटरला १ ग्रॅमच्या आसपास. त्यामुळे तेच मेम्ब्रेन १० ते १५ बारवर चालतं. नामिबियातलं विंडहूक शहर १९६८ पासून शुद्ध केलेलं सांडपाणी थेट पिण्याच्या पाण्यात मिसळतंय. इस्राएल आपलं सुमारे ८५ टक्के सांडपाणी शेतीला देतो. अट एकच: कारखान्यांचं पाणी वेगळं ठेवायचं. ते मिसळलं की पुढची सगळी साखळी संशयात येते.

रात्रपाळी:
त्याहूनही आधी गळती. रीत अशी: ५०० ते ३००० जोडण्यांचा एक भाग व्हॉल्व्ह लावून वेगळा करा, एकाच मुखावर मीटर बसवा आणि रात्री २ ते ४ मधला प्रवाह मोजा. समजा तो ताशी १२ घनमीटर आहे आणि रात्रीचा खरा वापर २. मग गळती ताशी १०. तिला २४ ने गुणू नका. रात्री दाब जास्त असतो, म्हणून २० च्या आसपास धरा. दिवसाला २०० घनमीटर, म्हणजे रोज २००० माणसांचं पाणी जमिनीत. घरोघरच्या टाक्या रात्री भरत असतील तर मात्र हा आकडा फसवतो, आधी त्यांचा अंदाज काढा.

दुरुस्तीआधी दाब उतरवा. तो ६० मीटरवरून ४० वर आणला (नळाचा दाब पाण्याच्या उंचीत मोजतात, १० मीटर म्हणजे साधारण १ बार) तर गळती साधारण एक तृतीयांशाने घटते. केप टाउनने २०१८ च्या संकटात माणशी ५० लिटरच्या मर्यादेबरोबर हाही उपाय वापरला. पण दाब कमी करणं वेगळं आणि दिवसाआड पुरवठा वेगळा. पाइप रिकामा झाला की त्याच भोकांतून बाहेरचा गाळ आणि गटाराचं पाणी आत ओढलं जातं.

लोखंडी पाइपवर सळई कानाला लावली तर गळतीचा फुस्स आवाज लांबून येतो. प्लास्टिकच्या पाइपमध्ये तो लवकर विरतो, तिथे सेन्सर जवळजवळ लावावे लागतात.

ओलावा:
घरात हे तपासता येतं का?

रात्रपाळी:
येतं. सगळे नळ बंद करा, टाकीत जाणारं पाणीही. बऱ्याच मीटरच्या तबकडीवर छोटी लाल चांदणी किंवा त्रिकोण असतो. तो अगदी सावकाश जरी फिरत असला तरी कुठेतरी पाणी जातंय. तसं चिन्ह नसेल तर आकडा टिपून दोन तासांनी पुन्हा बघा. ठिबकणाऱ्या नळाखाली १५ मिनिटं पेला ठेवा आणि जमलेलं पाणी ९६ ने गुणा. फ्लशच्या टाकीत खाण्याचा रंग घाला आणि अर्धा तास फ्लश करू नका. खाली भांड्यात रंग उतरला तर तळाचं रबर बदला.