तुमचं लिखाण कुणीतरी मनापासून वाचलं, तो अनुभव सांगा

अजनीची_ताई
काल कूलर काढला. ताट्या बदलायच्या म्हणून सज्जावर चढले, तर मागे माझ्या कादंबरीचा गठ्ठा. मंगळयान निघालं त्या दिवशी, म्हणजे ५ नोव्हेंबर २०१३ ला लिहायला घेतली होती. २४ सप्टेंबर २०१४ ला ते मंगळाच्या कक्षेत पोचलं आणि त्याच आठवड्यात प्रेसमधून ३०० प्रती घरी आल्या. सगळा खर्च स्वतःचा. मुलगी मंगळावरच्या तळावर, मुलगा इथं नागपुरात, आणि दोघांचं प्रेम.

नातेवाईक म्हणाले कव्हर छान आहे. ऑफिसात दोघांनी विचारलं, किती पैसे गेले?

गठ्ठ्यातल्या एका प्रतीत पत्र सापडलं, जुलै २०१५ चं. तार खात्यातून निवृत्त झालेल्या एका काकांचं. २०१३ मध्ये तार बंद झाली, तेव्हापासून निरोपाबद्दल कुणी काही लिहिलं की मिळवून वाचतो, असं लिहिलंय. पुढे: "तुमच्या पुस्तकात प्रत्येक निरोप सात मिनिटांत पोचतो. तसं होत नाही. मंगळ जवळ असला तर ३ मिनिटं, दूर गेला तर २२. आणि दर २६ महिन्यांनी मधे सूर्य येतो, तेव्हा साधारण पंधरा दिवस निरोप जातच नाहीत. यंदा जूनमध्ये आपलं मंगळयानही असंच गप्प होतं. त्या पंधरा दिवसांत तुमच्या दोघांनी काय केलं, ते पुस्तकात नाही. कळवावे."

तेव्हा मला फक्त चूक दाखवलेली दिसली. लागलं मनाला. उत्तर दिलं नाही. काल पुन्हा वाचलं आणि वाटलं, ३०० प्रतींमध्ये हा एकच माणूस त्या दोघांची काळजी करत होता.

तुमचं असं कुणी वाचलंय? किंवा तुम्ही कुणाचं? सांगा ना.

नाईटड्यूटी
ताई मी वाचलीय ही!!! रात्रपाळीला वाचली, दोन रात्रीत. ह्यांचं पोस्टिंग लडाखला होतं तेव्हा. फोन आठवड्यातून एकदा लागायचा, तोही तुटक. मी बोलायची, मग माझाच आवाज परत यायचा, मग ते बोलायचे. तुमच्या फुटाळ्याच्या प्रकरणात तो तलावावर बसून तिच्या प्रश्नाआधीच उत्तर पाठवून ठेवतो ना, आम्ही तसंच सुरू केलं. फोन लागला की आधी सगळी उत्तरं. हो जेवली. हो पिल्लूचा ताप उतरला. नाही, रडली नाही. प्रश्न राहिले तर राहिले. अजूनही हे घरात शिरता शिरता सांगतात, "हो, दूध आणलं"

बर्डीचा_भौ
ताट्या कुठून घेतल्या ताई? वाळ्याच्या पाहिजेत, आमच्या इकडे नुसतं लाकडाचं भुस्कट भरून देऊन राहिले

कडकमंगळ
हे पुस्तक आमच्या घरात चुकून आलं. आत्यानं मागचं कव्हर वाचलं. मंगळ, लग्न, दुरावा. तिला वाटलं पत्रिकेतल्या मंगळाचं आहे, काही तोडगा असेल. माझ्या पत्रिकेत मंगळ आठव्या स्थानी, तीन वर्षं स्थळं परत जाऊन राहिली होती. घरात तो शब्द निघाला की आई उठून स्वयंपाकघरात जायची.

मी वाचायला घेतलं. तुम्ही लिहिलंय की तिथला सूर्यास्त निळा असतो. खोटं वाटलं म्हणून शोधलं, तर खरंच. तिथल्या हवेतली धूळ इतकी बारीक की मावळतीला सूर्याभोवती निळं दिसतं. मला पहिल्यांदा मंगळ ही एक जागा वाटली. माती असलेली, संध्याकाळ होणारी. तिथं एक मुलगी आहे आणि तिला कुणी दोष देत नाही. रडली मी त्या रात्री, चांगलं रडली.

आत्याला सांगितलं. ती गच्चीवर आली, मी लाल ठिपका दाखवला. खूप वेळ बघत उभी होती. मग म्हणाली, "एवढासा तर हाय, याले काहून भ्याव?"

लग्न पुढं झालं. त्यानं पत्रिका मागितलीच नाही.

नाईटड्यूटी
आत्याला माझा नमस्कार सांग गं ❤️

कडकमंगळ
आत्या गेली २०२१ मध्ये. पण सांगते. फोटोला सांगते.

अक्षरजुळणी
मी डीटीपी करतो. कादंबरी नाही, एका सरांचा कवितासंग्रह होता, तोही स्वखर्चाचा. जुन्या फॉन्टमधून युनिकोडमध्ये घेताना रफार उडाले आणि प्रूफात कुणाच्याच लक्षात आलं नाही. "सूर्य" सगळीकडे "सूय". ५०० प्रती छापून झाल्या होत्या. सर काही बोलले नाहीत. काळा पेन घेऊन बसले आणि एकेका प्रतीत हातानं रफार देऊ लागले. मीही बसलो शेजारी. नऊ रात्री लागल्या. त्यांच्या घरून रोज दोन डबे यायचे. पुढं वाचक दुरुस्त केलेलीच प्रत मागायचे, कवीचा हात फिरलाय म्हणून. सर आता नाहीत. माझ्या टेबलावर एक प्रत असते.

गणितबाई
ताईंनी आमच्या शाळेच्या ग्रंथालयाला एक प्रत दिली होती. आठवीला रामन विज्ञान केंद्रात तारांगण दाखवायला नेलं, परतताना बसमध्ये दोन पानं वाचून दाखवली. एक मुलगा लगेच, "मॅडम, पुस्तकात सात मिनिटं आहेत, पण तारांगणात सांगितलं ना, मंगळ दूर असला तर २२ मिनिटं जायला, २२ यायला. मग भांडण झालं तर उत्तर येईपर्यंत ४४ मिनिटांत राग उतरूनच जाईल ना?" मागच्या सीटवरून एक मुलगी, "उतरत नाही, वाढतो." शाळा येईपर्यंत अख्खी बस वाद घालत होती. प्रकाशाचा वेग त्या वर्गाला मला वेगळा शिकवावा लागला नाही.

बर्डीचा_भौ
पोट्टी बरोबर बोलली

विज्ञानवेडा
नारळीकर सरांनी १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला कथा पाठवली ती नारायण विनायक जगताप या नावानं. आपल्या नावाचं वजन परीक्षकांवर पडू नये म्हणून. पहिलं बक्षीस मिळालं. मला हे फार मोठं वाटतं, नाव झाकून फक्त लिखाण पुढं करणं. ताई, तुमच्या काकांनाही तुमचं नाव माहीत नव्हतं. तरी वाचलं, मिनिटं मोजली.

मिळेल कुठं पुस्तक?

अजनीची_ताई
डोळे भरून आले गं सगळ्यांचं वाचून. एकेकीला नंतर लिहिते, कुकर लावलाय.

दुकानात कुठंच नाही. कायद्यानुसार एक प्रत कोलकात्याला राष्ट्रीय ग्रंथालयात पाठवली होती, ती असेल. इथं गठ्ठ्यात ४१ आहेत, कडेच्या दोन कसरीनं खाल्ल्या. भौ, ताट्या महाल भागातून घेतल्या, वाळ्याच्याच आहेत. सकाळी लवकर जा.

खामलावाली
गठ्ठ्यात कडुलिंबाचा वाळलेला पाला ठेव ताई, कसर लागत नाही. आणि एक प्रत माझी. पोस्टानं नको, मीच येते न्यायला. पण काकांना उत्तर दिलं का मग?

अजनीची_ताई
पत्रावर पत्ता आहे, इमामवाड्याचा. अकरा वर्षं होत आली. कोण भेटेल माहीत नाही. रात्री बसून त्या पंधरा दिवसांचं प्रकरण लिहायला घेतलं. ती तिकडे रोज त्याच्या नावानं एक निरोप लिहून ठेवते, पाठवत नाही. तो इकडे रोज संध्याकाळी मावळत्या सूर्याकडे बघतो, कारण ती बरोबर त्याच्या मागे आहे. पंधरापैकी नऊ दिवसांचं लिहून झालंय. जेवढं झालंय तेवढं घेऊन उद्या जाते.

खामलावाली
सकाळीच जा. डोक्याला दुपट्टा बांध, पर्समध्ये कांदा ठेव. आणि आल्यावर लगेच इथं लिही, आम्ही वाट पाहून राहिलो.