मदत हवी आहे: निघायला १२ दिवस उरले, वर्गाला कसं सांगू?

संत्रानगरी_६१:
नमस्कार. मी इथल्या शाळेत जानेवारीपासून गणित शिकवून राहिली आहे, बिनपगारी. १२ दिवसांनी नागपूरला परत निघायचं आहे आणि वर्गाला अजून सांगितलं नाही. हेडसर म्हणतात, शेवटच्या दिवशी कार्यक्रम ठेवू, तेव्हाच सांगा, आधी सांगितलं तर मुलांचं मन अभ्यासातून उडेल. मला ते पटत नाही, पण सांगायला उभी राहिली की शब्द फुटत नाही. तिसऱ्या बाकावरची एक मुलगी तास संपला की रोज विचारते, "उद्या येणार ना?" मी रोज हो म्हणते. आता सोसवत नाही. कोणी असा निरोप घेतला असेल तर लवकर सांगा.

बर्डी_ते_बजाजनगर:
ताई, 'इथल्या' म्हणजे कुठल्या? देश तरी सांगा. नेपाळ असेल तर आपल्याला व्हिसाच लागत नाही, वार्षिक परीक्षा होईपर्यंत राहून घ्या. अर्धवट सोडून काहून येता?

मानेवाडा_रिंगरोड:
मुलं केवढी आहेत? सहा वर्षांच्या लेकराला सांगणं वेगळं, पंधराच्या पोराला वेगळं. आणि तुमच्या मागे गणित कोण घेणार, हे ठरलं आहे का?

धरमपेठ_जुना:
आधी सांगा, हा अनाथाश्रम आहे का? असेल तर स्पष्टच बोलतो. बाहेरची माणसं चार-सहा महिने येतात, लळा लावतात आणि जातात. मग दुसरं कोणी येतं. लेकरांना ते पुन्हा पुन्हा सोसावं लागतं. २०१९ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने आईबापांविना वाढणाऱ्या मुलांच्या हक्कांवर ठराव केला, त्यातही अनाथाश्रमांतल्या अशा स्वयंसेवेच्या धोक्याचा उल्लेख आहे. निरोप कसा घ्यावा हे नंतर, जावंच कशाला हे आधी.

संत्रानगरी_६१:
अनाथाश्रम नाही हो! रोज घरून चालत येणारी मुलं आहेत. टांझानिया, मोशीजवळ, किलिमांजारोच्या पायथ्याशी. फॉर्म वन, म्हणजे आपली आठवी. माझ्या परवान्याची मुदत संपते आणि सुनेचं बाळंतपण आहे, म्हणून थांबता येत नाही.
इथे प्राथमिकची सात वर्षं सगळं स्वाहिलीत आणि फॉर्म वनला एकदम इंग्रजी. मुलांना भागाकार येतो, पण 'डिव्हाइड' म्हटलं की पेन खाली. म्हणून मी भिंतीवर तक्ते लावले. जुमलिशा म्हणजे ॲड, तोआ म्हणजे सबट्रॅक्ट, झिदिशा म्हणजे मल्टिप्लाय, गावान्या म्हणजे डिव्हाइड. आता कुठे हात वर येऊ लागले होते. माझ्यामागे एक तरुण सर घेणार आहेत. त्यांच्याकडे आधीच दोन विषय आहेत.

दार_रिटर्न:
मी दार-एस-सलाममध्ये ८ वर्षं नोकरी केली. एक महत्त्वाचं, कार्यक्रमाची वेळ नीट विचारून घ्या. तिथे घड्याळ सूर्योदयापासून मोजतात. 'सा न्ने' म्हणजे चार वाजता नाही, सकाळचे १०. माझा एका सहकाऱ्याच्या निरोपाचा अख्खा कार्यक्रम असाच हुकला. आणि कांगा, म्हणजे तिथल्या बायका गुंडाळतात ते छापील सुती कापड, भेट मिळाला तर त्यावर छापलेलं वाक्य कोणाकडून तरी समजून घ्या, भेट देणारे ते वाक्य पाहूनच निवडतात. निघताना 'क्वाहेरी या कुओनाना' म्हणा, म्हणजे पुन्हा भेटेपर्यंत निरोप.

महालची_आजी:
बरोबर. आपल्यातही कोणी 'जाते' म्हणत नाही, 'येते' म्हणावं. मुलांच्या हातावर गूळ ठेवा आणि 'येते' म्हणून निघा. शुभ असतं.

संत्रानगरी_६१:
आजी, माझं तिथेच अडतं. घरून निघताना 'येते' म्हणते ते संध्याकाळी परत येते म्हणून. इथे म्हटलं तर ती मुलगी वाट पाहील. माझं वय ६१, मी पुन्हा येईन याची खात्री मलाच नाही.

भामरागडचा_मास्तर:
मी भामरागड तालुक्यात ६ वर्षं होतो. पोरं घरी माडिया बोलत आणि पुस्तक मराठी, त्यामुळे तुमचे तक्ते काय असतील ते मला दिसून राहिले. बदलीचा आदेश आला तेव्हा मीही तुमच्या हेडसरांसारखाच विचार केला. शनिवारी शाळा सुटताना सांगितलं आणि जीपमध्ये बसलो. दोन वर्षांनी तिथला एक पोरगा एका लग्नात भेटला. म्हणाला, "सर, सोमवारी आम्ही लवकर आलो होतो. तुम्हाला पाढे दाखवायचे होते." त्यानं ऐकलं नव्हतं की त्याचा विश्वास बसला नव्हता, मी विचारू शकलो नाही.
उद्याच सांगा. तारीख फळ्यावर लिहा. सांगून झालं की लगेच गणित घ्या, त्यांना वर्ग तोच आहे हे दिसलं पाहिजे. आणि त्या तरुण सरांना आतापासून तासाला सोबत उभं करा.

धरमपेठ_जुना:
मास्तर, तुमची बदली सरकारनं केली. या स्वतःहून गेल्या आणि स्वतःहून येतात, दोन्ही एक कसं? आपल्या जिल्ह्यातही गणिताचे शिक्षक हवेच आहेत.

भामरागडचा_मास्तर:
पोराला आदेश कोणी काढला याच्याशी काय करायचं भाऊ? त्याला खुर्ची रिकामी दिसते.

धरमपेठ_जुना:
हे मान्य. आणि ताई, 'येते' म्हणू नका, यात मी तुमच्यासोबत आहे.

बर्डी_ते_बजाजनगर:
फोन नंबर देऊन टाका ना, व्हॉट्सॲपवर गणितं सोडवून देता येतील.

मानेवाडा_रिंगरोड:
एकेका मुलाला खासगी नंबर देऊ नका. पत्र किंवा गणितं, जे काही असेल ते शाळेमार्फत आणि त्या सरांच्या मार्फत जाऊ द्या. आठवड्याला उत्तर देणं जमेल एवढंच कबूल करा.

खामला_प्रवासी:
मलाही जायचं आहे, वय ५८, वाणिज्य शाखा. आणि किलिमांजारोची कॉफी किती किलो आणता येते?

संत्रानगरी_६१:
सांगितलं. सोमवारी उभी राहिली, मुलं "शिकामू म्वालिमू" (नमस्कार बाई) म्हणाली, मी "मराहाबा" म्हटलं आणि लगेच तारीख लिहिली. हेडसरांना आदल्या दिवशी कळवलं होतं, ते नाराज आहेत. वर्ग थोडा वेळ गप्प होता. मग एका मुलानं विचारलं, तक्ते नेणार का? नाही म्हटलं.
तिसऱ्या बाकावरची मुलगी आता "उद्या येणार ना" विचारत नाही. किती तास उरले, ते फळ्याच्या कोपऱ्यात लिहिते आणि तास झाला की पुसून एक कमी करते. आज १४ होते. तरुण सर दोन दिवसांपासून सोबत उभे राहतात, कालची गणितं त्यांनीच घेतली.
आता एक तातडीचं. तक्ते कार्डशीटवर स्केचपेननं लिहिले आहेत. खिडकीतून पाऊस आला तर शाई पसरेल. गावात लॅमिनेशन नाही आणि मोशीला जाऊन यायला एक दिवस मोडतो, तो मला मोडायचा नाही.

भामरागडचा_मास्तर:
रुंद पारदर्शक सेलोटेप घ्या. आधी चारही कडा मागे वळवून चिकटवा, मग खालून वर आडव्या पट्ट्या, प्रत्येक पट्टी आधीच्या पट्टीवर थोडी चढवून. वरून खाली नाही, पाणी आत शिरते. माझे दोन पावसाळे टिकले होते.