शब्दचर्चा : 'तुझे राज्य येवो' मधलं राज्य नक्की कुठलं?

खारीबिस्कीट :
रविवारी चर्चमध्ये छोट्या मुलांचं संडे स्कूल घेते मी. परवा प्रभूची प्रार्थना (येशूने शिष्यांना शिकवलेली) पाठ करून घेत होते, 'तुझे राज्य येवो' पर्यंत आलो आणि दुसरीतला एक मुलगा फिस्सकन हसला. का रे हसलास, तर म्हणे टीचर देवावर राज्य का द्यायचं? मला दोन सेकंद काही कळेना, मग ट्यूब पेटली. लपाछपीतलं राज्य! दहा वीस तीस चाळीस करत ज्याच्यावर राज्य येईल त्याने भिंतीकडे तोंड करून शंभर म्हणायचे आणि मग सगळ्यांना शोधत फिरायचं. त्याच्या हिशोबाने आम्ही सगळे हात जोडून देवाला सांगत होतो की बाबा, तुझ्यावर राज्य. तेवढ्यात चौथीतली एकजण आजीबाईच्या सुरात त्याला म्हणाली, ते नाही रे, महाराष्ट्र राज्य असतं ना तसलं, आणि मग मलाच विचारते की टीचर त्याची राजधानी कुठली.
वेळ मारून नेली, पण डोक्यातून जाईना. मूळ शब्द काय आहे, राज्य हा त्याला बरा शब्द आहे का, कुणाला माहीत असेल तर सांगा. आणि पुढच्या रविवारी धडा आहे 'विश्वासू शिष्य', तेव्हा त्या दोन शब्दांवर पण कुणी बोललं तर बरं, नाहीतर परत कोणीतरी हसणार.

मोडीवाला :
नवा करार, म्हणजे बायबलचा येशूपासूनचा भाग, मूळ ग्रीकमध्ये आहे, तिथला शब्द बासिलेइया. त्याचा अर्थ आधी राजेपण, राजाची सत्ता चालणं, आणि मग ती जिथे चालते तो प्रदेश. आपल्या राज्यलाही दोन्ही अर्थ आहेत की, 'पेशव्यांच्या राज्यात' म्हणतो तेव्हा आपण कारभार आणि काळ सांगत असतो, हद्द नाही. पण संविधानाच्या मराठीत राज्य म्हणजे प्रांत झाला आणि शाळेच्या नकाशाने पहिला अर्थ खाऊन टाकला, तुमच्या चौथीतल्या पोरीचा काय दोष.
गंमत पुढे आहे. येशूची बोली अरामी, आणि तिच्यात यासाठी शब्द मल्कूथा. म-ल-क ही तीन अक्षरं अरबीतही आहेत, तिथून फारसीच्या वाटेने आपल्याकडे आलेत मालक, मालकी आणि मुलूख. मलिक अंबरमधला मलिकही तोच, अर्थ राजा. म्हणजे राजधानी विचारली तर सांगा, बाळा हा मुलूख नाही, ही मालकी आहे.
अजून एक, येशूचं चरित्र सांगणारी चार शुभवर्तमानं आहेत, मत्तय, मार्क, लूक आणि योहान. मार्क आणि लूकमध्ये 'देवाचे राज्य' आणि मत्तयात बहुतेक ठिकाणी 'स्वर्गाचे राज्य'. देवाचं नाव उगाच तोंडी घ्यायचं नाही या यहुदी रीतीमुळे मत्तय स्वर्ग म्हणतो असं साधारण स्पष्टीकरण देतात. आपल्याकडे बायका कशा नवऱ्याचं नाव न घेता 'तिकडून विचारलंय' म्हणायच्या तसं. पण त्याने मराठी वाचकाचा घोटाळा होतो, त्याला वाटतं हे मेल्यावर जायचं ठिकाण. प्रार्थनेत मात्र राज्य 'येवो' आहे, आम्ही 'जावो' नाही.

खारीबिस्कीट :
मोडीवाला काका, मालकी एकदम पटलं पण 'तुझी मालकी येवो' म्हटलं की सातबारा डोळ्यासमोर येतो हो 😄

बावखल :
आम्ही वसईकडचे, आजी गोव्याची. तिची कोंकणी प्रार्थना कानात आहे, 'तुजें राज आमकां येंव'. मराठीत नुसतं 'तुझे राज्य येवो', कुठे येवो ते नाही. कोंकणीत ते 'आमकां' आहे, आम्हाला येवो. आजी म्हणताना त्या आमकांवर जरा जोर द्यायची आणि छातीवर हात जायचा तिचा. लहानपणी वाटायचं राज ही ताप किंवा झोप यावी तशी येणारी गोष्ट आहे, आमकां ताप आयला तसं आमकां राज. आता वाटतं अगदीच चूक नव्हतं ते.
राजा शब्दाचा त्रास वेगळा. आमच्याकडे ख्रिस्तराजाचा सण असतो, आगमनकाळ, म्हणजे नाताळच्या तयारीचे आठवडे, सुरू व्हायच्या आधीचा रविवार. पोप पायस अकरावे यांनी १९२५ साली तो सुरू केला. त्या दिवशीच्या चित्रात मुकुट, सिंहासन, लाल झगा सगळं असतं, पण शुभवर्तमानात येशूच्या डोक्यावर मुकुट आहे तो काट्यांचा, आणि 'यहुद्यांचा राजा' ही पाटी क्रुसावर, तीही तीन भाषांत असं योहान लिहितो. रोमन अधिकाऱ्याने राजा हा शब्द टिंगल म्हणून वापरलाय. त्यामुळे शब्दकोशातला राजा घेऊन वाचलं की फसायला होतं.

जुनी_जाणती :
शब्द शोधायचा उद्योग जुनाच आहे. फादर स्टीफन्सनी क्रिस्तपुराणात, म्हणजे ख्रिस्तावरच्या त्यांच्या मराठी ओवीबद्ध काव्यात (१६१६, गोव्यातलं राचोल), स्वर्गाला सरळ वैकुंठ म्हटलंय, चारशे वर्षांपूर्वी एका इंग्रज माणसाने. पुढे श्रीरामपूरला, म्हणजे बंगालमधल्या, नगर जिल्ह्यातल्या नव्हे, विल्यम कॅरी या मिशनऱ्याच्या छापखान्यातून १८११ ला मराठी नवा करार आला. पंडिता रमाबाईंनी तर हिब्रू-ग्रीक शिकून केडगावला बसून अख्खं बायबल मराठीत केलं, पूर्ण छापून आलं १९२४ ला, त्या गेल्यावर दोन वर्षांनी. साध्या बायकांना कळेल अशी मराठी हा त्यांचा हट्ट होता.
पण मला सगळ्यात आवडतो तो रेव्हरंड टिळकांचा, म्हणजे ख्रिस्ती झालेले कवी नारायण वामन टिळक, त्यांचा शब्द. १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून त्यांनी साताऱ्यात जे काढलं त्याचं नाव 'देवाचा दरबार'. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही जागा. छत्रपतींच्या गादीच्या गावात दरबार शब्द वापरणं म्हणजे बघा. राज्याला हद्द असते, दरबाराला दार असतं.

मोडीवाला :
ताई दरबार छान आहे पण दरबारात मुजरा पण असतो आणि बाहेर ताटकळणं पण असतं 🙂 आजकाल तर कुठल्याही बाबाचा दरबार भरतो.

जुनी_जाणती :
ते आहे म्हणा. शब्द असा उष्टावला जातो.

धातुपाठ :
शिष्यकडे वळू का? संस्कृत धातू शास्, शिकवणे, आज्ञा देणे, ताब्यात ठेवणे. शिष्य म्हणजे ज्याला शिकवायचं तो. आणि याच धातूपासून शासन! महाराष्ट्र शासनातलं शासन आणि शिष्य एका आईची लेकरं. खारीबिस्कीट, तुमचे दोन्ही धडे, राज्य आणि शिष्य, मराठीत चुलत का होईना भावकीत निघाले. (शिस्त मात्र यातली नाही हां, बरेच जण जोडतात, ती फारसी आहे, मूळ अर्थ बंदुकीचा नेम.)
ग्रीकमध्ये शिष्य म्हणजे माथेतेस, शिकणारा. मॅथेमॅटिक्स त्याच मुळातून आलाय, मुलांना सांगू नका, आधीच घाबरतील.
पण मराठीत एक अडचण आहे. आपण गुरू 'करतो'. अमक्याने तमक्याला गुरू केलं, गंडा बांधला, म्हणजे निवड शिष्याची. शुभवर्तमानात उलटं आहे, तळ्याकाठी जाळी टाकणाऱ्या माणसांना येशूच म्हणतो माझ्यामागे या, आणि योहानात तर स्पष्टच म्हणतो की तुम्ही मला नाही निवडलं, मी तुम्हाला निवडलं. म्हणून शिष्य शब्द आला की आपल्या डोक्यात आपोआप मठ, पाय चेपणं, गुरुदक्षिणा येते आणि इथे तर गुरूच शिष्यांचे पाय धुतो. शब्द बदला असं म्हणत नाही, पण एवढं सांगावं लागतं.

खारीबिस्कीट :
धातुपाठ, शासन-शिष्य लिहून घेतलं!! आता विश्वासूचं कोणी बघा ना प्लीज.

बावखल :
विश्वासूवर मला बोलायचंच होतं कारण मी यात वाद घालून आलोय घरी. मराठीत विश्वासू कोण? 'आपला विश्वासू' पत्राच्या शेवटी, ज्याला काही अर्थ उरलेला नाही. आणि दुसरा, घरगडी किंवा दुकानातला जुना माणूस. 'फार विश्वासू हो, गल्ला उघडा टाकून जा, पैसा हलायचा नाही.' म्हणजे विश्वासू म्हणजे जो हात लावत नाही तो.
आता मत्तय २५ मधली गोष्ट घ्या. मालक परदेशी जाताना तिघा दासांना पैसे देतो, पाच, दोन आणि एक तालांत. एक तालांत म्हणजे सहा हजार दिनार, मजुराचा दिवसाचा रोज एक दिनार, म्हणजे एकाच तालांतात साधारण वीस वर्षांची मजुरी. तिसरा काय करतो, खड्डा खणून पुरून ठेवतो आणि मालक आल्यावर माती झटकून जसेच्या तसे हातात देतो. एक पै कमी नाही. मराठी अर्थाने याच्याइतका विश्वासू माणूस शोधून सापडणार नाही! आणि मालक त्यालाच दुष्ट आणि आळशी म्हणतो. 'भल्या व विश्वासू दासा' ही शाबासकी मिळते ती ज्यांनी बाजारात उतरून पैसा फिरवला, म्हणजे बुडायची जोखीम घेतली त्यांना.
ग्रीक पिस्तोस शब्दात भरवशाचा आणि भरवसा ठेवणारा, दोन्ही येतात. तिसऱ्याने पैसा सांभाळला पण त्याचा मालकावरच भरवसा नव्हता, तो तोंडाने सांगतो की तू कडक माणूस आहेस, मी भ्यालो. मराठीत हे दोन तुकडे झाले, भरवशाचा तो विश्वासू आणि श्रद्धा ठेवणारा तो विश्वासी. आमच्या घरी एक काका विश्वासी आहेत पण त्यांना दिलेली छत्री परत येत नाही.

मोडीवाला :
छत्री 😂
पर्याय काय मग? इमानी म्हटलं की कुत्रा. एकनिष्ठ म्हटलं की पतिव्रता. निष्ठावंत तर आता ज्याला तिकीट मिळालं नाही त्याच्यासाठीच राखीव आहे.

धातुपाठ :
'भरवशाचा' काय वाईट आहे? जरा बोलीतलं आहे पण दोन्हीकडे चालतं.

जुनी_जाणती :
भरवशाच्या म्हशीला टोणगा.

धातुपाठ :
हरलो.

गोट्या_विटीदांडू :
सगळा धागा वाचला, अभ्यासू मंडळींच्यात मी काय बोलणार पण त्या दुसरीतल्या पोराची बाजू घ्यायला कोणी आलंच नाही म्हणून लिहितो. राज्य येणं हा खेळातला शब्द घ्या ना. राज्य ज्याच्यावर येतं तो राजा नसतो, त्याला सगळ्यात जास्त पळावं लागतं. बाकीचे लपून खिदळतात आणि हा कोपरा न् कोपरा धुंडाळत फिरतो. शंभरातलं एक मेंढरू हरवलं म्हणून नव्याण्णव सोडून गेलेला माणूस, लूकमधला, त्याच्यावर राज्यच आलेलं की. आणि 'ज्याला पहिलं व्हायचंय त्याने सगळ्यांचा दास व्हावं' हे येशूचंच ना? मग पोरगं हसलं ते बरोबर जागी हसलं.

मोडीवाला :
गोट्याभाऊ, प्रवचन होतंय, धागा शब्दांचा आहे... पण खरं सांगायचं तर हे ग्रीकमध्ये नाही सापडायचं. 'राज्य करणे'चा कर्ता आणि 'राज्य येणे'चा कर्ता मराठीत असा उलटा बसतो हे माझ्या लक्षात नव्हतं आलं. एकात मी वर, दुसऱ्यात राज्य माझ्यावर. बावखलच्या आजीचं 'आमकां येंव' याच्या जवळ जातं.

खारीबिस्कीट :
आज वर्ग झाला. मालकी सांगितली, तळ्याकाठची माणसं सांगितली, तालांतची गोष्ट नाटक करून घेतली, तिसऱ्या दासासाठी कोणी तयार होईना, शेवटी हसणाऱ्यालाच केलं. त्याने डस्टर पुरलं कुंडीत. प्रार्थनेला परत तेच वाक्य आलं तर नाही हसला, पण नंतर हळूच येऊन विचारून गेला की देवावर राज्य असेल तर देव टाइमप्लीज घेतो का.
यावर माझ्याकडे उत्तर नाही, तुमच्यापैकी कोणाकडे असेल तर रविवारच्या आत टाका.

गोट्या_विटीदांडू :
आमच्या गावाकडे राज्य नाही, डाव यायचा. 'तुझा डाव येवो' कसं वाटतं बघा 😄