माझिर्बे: संस्कृतीचं जतन, की वर्षातून एकदाची जत्रा?

रानजाई:
लात्व्हियाच्या राजधानीत, रिगात शिकते. ऑगस्टच्या पहिल्या शनिवारी माझिर्बेला लिव्ही लोकांचा, म्हणजे इथल्या एका छोट्या मूळ समाजाचा, सण पाहायला गेले. लात्व्हियाच्या किनाऱ्यावरचं खेडं. लिव्हीत त्याचं नाव इरे. त्यांची भाषा फिनिश-एस्टोनियनच्या कुळातली, लात्व्हियनशी तिचं नातं नाही. लिव्हींच्या राष्ट्रगीताची चालही फिनलंड-एस्टोनियाचीच. त्यांचा झेंडा मला फार आवडला. हिरवं रान, पांढरी वाळू, निळं पाणी: होडीतून किनारा जसा दिसतो तसा.
पण दुपार सरली, गाड्या निघाल्या, गाव सुनं. लिव्ही मातृभाषा असलेली शेवटची आजी, ग्रिझेल्डा क्रिस्टिन्या, २०१३ मध्ये वारली, तीही कॅनडात, १०३ वर्षांची. मग जपतोय काय? पोशाख?

पाणकोळी:
गाव सुनं कुणी केलं तेही लिहा की. सोव्हिएत काळात हा किनारा लष्करी सीमापट्टा झाला, कोळ्यांच्या समुद्रावर जाण्यावर बंधनं आली. मासेमारी गेली तशी माणसं गेली. जुन्या होड्या अजून तिथल्या रानात कुजताहेत. एवढं होऊनही लोक दरवर्षी परत येतात, आणि तुम्ही म्हणता जत्रा!

मधली आळी:
पाणकोळी, रडून भाषा जगत नाही. २०१२ चा लिव्ही-एस्टोनियन-लात्व्हियन शब्दकोश, २०१८ साली लात्व्हिया विद्यापीठात निघालेली लिव्ही संस्था, खरं काम ते. ते रिगात होतं, किनाऱ्यावर नाही. पैसे मिरवणुकीपेक्षा शिक्षकावर घाला.

पाणकोळी:
आणि शिकलेला माणूस बोलणार कुणाशी, शब्दकोशाशी? १९२३ मध्ये लिव्हींची संघटना झाली, त्याच वर्षी झेंडा फडकला तो माझिर्बेत. १९३९ चं लोकगृह, म्हणजे लिव्हींची जमायची वास्तू, फिनलंड, एस्टोनिया, हंगेरीच्या मदतीनं उभं राहिलं, तेही इथंच. जमायला जागा लागते हो.

रानजाई:
सीमापट्ट्याचं मी लिहायला हवं होतं, मान्य. तरी वर्षातला एक शनिवार म्हणजे जमणं झालं का? मला अजून पटलेलं नाही. फेब्रुवारीत पुन्हा जाते. लोकगृहाला कुलूप दिसलं तर इथंच येऊन सांगेन.

पाणकोळी:
जाच. रानातल्या होड्याही बघून ये. आणि कुलूप नसलं तर तेही सांग, गप्प बसू नकोस.