चित्र गोठलं तेव्हा तुम्ही कुठे होतात? (अनुभव धागा)

काल रात्री कपड्यांच्या घड्या घालता घालता फोनवर लाँच लावलं होतं. स्पेसएक्सचं फाल्कन ९ रॉकेट, स्टारलिंक उपग्रहांचंच, आता रोजच्यातलं झालेलं. आठ मिनिटं होऊन गेल्यावर ड्रोनशिपवरचा, म्हणजे ते उतरतं त्या बिनमाणसांच्या जहाजावरचा, कॅमेरा थरथरला, चित्र गोठलं आणि माझे हात आपोआप थांबले. हातात लेकीचा अर्धवट घडी घातलेला फ्रॉक. ती शेजारूनच म्हणाली, "आई, उतरणारच आहे गं ते. नेहमी उतरतं."

उतरलंच. तिचं काही चुकलं नाही. पाचशेहून जास्त वेळा बूस्टर, म्हणजे रॉकेटचा खालचा टप्पा, उतरून झालाय, तिला दुसरं काही माहीतच नाही. पण मला रात्रभर झोप लागली नाही, कारण २२ डिसेंबर २०१५ डोळ्यांसमोरून हलेना. तिकडे २१ची रात्र, आपल्याकडे सकाळचे सात. त्याच वर्षी जूनमध्ये सीआरएस-७ (स्पेस स्टेशनला सामान नेणारं फाल्कन ९) उड्डाणानंतर १३९ सेकंदांत आकाशात फुटलेलं मी लाइव्ह बघितलं होतं. त्यानंतरचं हे पहिलंच उड्डाण, वर ऑर्बकॉम कंपनीचे ११ उपग्रह, आणि त्यात भर म्हणून बूस्टर परत आणून जमिनीवर उतरवणार म्हणे! मला कामावर निघायचं होतं. खांद्याला पर्स, एका पायात चप्पल, दुसरी हातात. काळोखात वरून एक नारिंगी ठिणगी खाली येताना दिसली, मग पडदाभर उजेड आणि धूर. धूर विरला तर ते उभं! धुराड्यासारखं, सरळ. मी तिथेच दारात बसले आणि रडले. सांगायला कोणी नव्हतं म्हणून भावाला फोन लावला. तो झोपेत म्हणाला, "कोणाचं काय उतरलं?"

तर लिहा. कुठलंही लाँच, कुठलंही लँडिंग. इस्रो, नासा, कोणाचंही. यशाचंच हवं असं नाही. ते चित्र गोठलेले सेकंद तुम्ही कसे काढता?

---

फाल्कन हेवी, तीन बूस्टर जोडलेलं मोठं रॉकेट. आपल्याकडे ७ फेब्रुवारी २०१८, रात्रीचे सव्वादोन. खोलीत बाकी तिघं झोपलेले, मी पांघरुणात फोन घेऊन. बाजूचे दोन बूस्टर एकदम, एका लयीत खाली आले ना, तेव्हा मी शेजारच्याला गदागदा हलवून उठवलं. त्याने पाहिलं, "दोन काठ्या" म्हणाला आणि परत झोपला. मधला राहिला होता. ड्रोनशिपच्या कॅमेऱ्यात नुसता धूर आणि मग काहीच नाही. निवेदकही त्यावर काही बोलेनात. बऱ्याच वेळाने कळलं, तीनपैकी एकच इंजिन पेटलं, पेटवायचं रसायन पुरलं नाही. ताशी ५०० किमीच्या आसपास वेगाने जहाजापासून १०० मीटरवर पाण्यात गेला. मी मात्र पहाटेपर्यंत "उतरला असेल, फक्त लिंक गेली असेल" म्हणून जागा.

---

दोन काठ्या!! +१

---

छान धागा. सवडीने लिहिते. तोवर एक विचारते, हे चित्र नेमकं तेव्हाच का जातं? इतकी वर्षं झाली तरी?

---

वरच्या ताईंना: जहाजावरून चित्र उपग्रहामार्फत येतं. बूस्टर खाली येताना इंजिनाच्या झोताने सगळं जहाज हादरतं, अँटेनाचा नेम चुकतो. झोतातले तापलेले वायूही संदेशाच्या आड येतात. आता पूर्वीपेक्षा खूप कमी वेळा जातं. खरं सांगू, गेलं नाही की मला चुकल्यासारखं होतं.

---

मी जरा वेगळं लिहितो. मला दिसत नाही. जन्मापासूनच. मी लाँच कानाने बघतो.

सुरुवातीला प्रत्येक वेळी कोणीतरी शेजारी बसून "आता वर गेलं, आता ढगात गेलं" असं सांगायचं. मग लक्षात आलं की नियंत्रण कक्षातली माणसं सगळं सांगतच असतात. फक्त निवेदकाच्या मागे हळू आवाजात बोलतात, तिकडे कान द्यायचा. मॅक्स क्यू, म्हणजे हवेचा सर्वात जास्त ताण. मेको, मुख्य इंजिनं बंद. स्टेज सेपरेशन, दोन टप्पे वेगळे. मग एन्ट्री बर्न सुरू, म्हणजे परत येताना वेग कमी करायला इंजिनं पेटली, एन्ट्री बर्न बंद. ट्रान्सॉनिक, वेग आवाजाच्या वेगाच्या आसपास. लँडिंग बर्न. शेवटी "लँडिंग लेग डिप्लॉय" आणि त्यानंतर जी शांतता असते ती. तिची लांबी मला पाठ आहे. नेहमीपेक्षा एक श्वास जास्त झाला की पोटात गोळा येतो.

धागाकर्तीने विचारलंय चित्र गोठल्यावर काय करता. चित्र गोठलं की तुम्ही सगळे तेवढ्यापुरते माझ्या जागी येता. तेव्हा आवाज वाढवा. चित्राच्या आधी बातमी आवाजात येते.

---

___/\___ काका/दादा, जे असाल ते. आजपासून मागचा आवाज ऐकणार.

---

दादा चालेल :)

---

आमच्या वेळी लाइव्ह वगैरे नव्हतं. एसएलव्ही-३ या इस्रोच्या रॉकेटचं पहिलं उड्डाण १० ऑगस्ट १९७९ला फसलं आणि यान बंगालच्या उपसागरात गेलं, ते आम्हाला बातम्यांतून कळलं. पुढच्या वर्षी १८ जुलैला रोहिणी हा उपग्रह कक्षेत गेला तीही बातमीच. रेडिओला कान लावून वडील, मी आणि शेजारचे दोघं. वडिलांनी बातमी संपल्यावरही रेडिओ बंद करू दिला नाही, पुढच्या बातमीपत्रात परत सांगतील म्हणाले. सांगितलं. परत ऐकलं. आता नातवाबरोबर फोनवर बघतो तेव्हा तो काउंटडाऊन माझ्याआधी म्हणतो.

---

बाळ दोन महिन्यांचं होतं, रात्री दर दोन तासांनी उठायचं. स्टारशिप या स्पेसएक्सच्या नव्या, प्रचंड यानाच्या एसएन मालिकेतल्या चाचणी-नमुन्यांची उड्डाणं बहुतेक आपल्या पहाटेला पडायची. एसएन८ डिसेंबर २०२०, पहाटे सव्वाचार. मांडीवर बाळ, फोन उशीला टेकवून, आवाज बंद. साडेबारा किमी वर जाऊन ते आडवं झालं आणि पोटावर पडत पडत खाली आलं. आडवं! शेवटी सरळ झालं, पण ज्वाळा हिरवी दिसायला लागली आणि खलास. इंधनाचा दाब कमी पडला होता, त्यामुळे इंजिनातलं तांबं जळत होतं, म्हणून हिरवी.

एसएन१० मार्चमध्ये उतरलं. मी आनंदाने बाळाच्या डोक्याचा पापा घेतला, आठेक मिनिटांनी उभ्या जागीच फुटलं. मग ६ मेला पहाटे एसएन१५. उतरलं आणि उभं राहिलं. खाली थोडी आग होती, तीही विझली. मी अर्धा तास बघत बसले, आता फुटेल, मग फुटेल. बाळ केव्हाच झोपलं होतं. त्या महिन्यांत मला फार एकटं वाटायचं, घरात सगळे असूनही. पहाटे चारला जगात आणखी कोणीतरी जागं राहून एका टाकीकडे डोळे लावून बसलंय, हे कळायचं. तेवढ्यानेही बरं वाटायचं.

---

मिठी तुला. मीपण त्याच पहाटे जागी होते, कारण वेगळं, पण जागी होते.

---

बाळाची आई, ते हिरव्या ज्वाळेचं माहीत नव्हतं. वाचनखूण साठवली.

---

सीआरएस-१६. गरगर. बास.

---

कोणाला माहीत नसेल तर: ५ डिसेंबर २०१८, फाल्कन ९च्या बूस्टरच्या ग्रिड फिनचा (दिशा देणाऱ्या जाळीदार पंखांचा) पंप अडकला, बूस्टर स्वतःभोवती गरगरत खाली आला. पण गंमत बघा, जमिनीवर नेण्याचा निर्णय तो अगदी शेवटी घेतो. तोवर त्याचा रोख समुद्राकडेच असतो, बिघडलाच तर माणसांवर पडू नये म्हणून. तसाच पाण्यावर हळूच टेकला आणि आडवा झाला. स्वतः बुडता बुडता शिस्त पाळणारं यंत्र. मला फार जवळचं वाटतं ते.

---

प्रश्न: हे वरून येताना एवढ्या वेगात का येतात? जरा आधीपासून ब्रेक लावत सावकाश का येत नाहीत? माझी आई दर वेळी डोळे मिटून घेते.

---

कारण बूस्टर रिकामा झाला की इतका हलका होतो की नऊपैकी एकच इंजिन, तेही शक्य तितकं मंद, तरी त्याचा जोर वजनापेक्षा जास्त. म्हणजे तरंगत राहताच येत नाही. लवकर थांबला तर परत वर जायला लागेल. शिवाय जितका वेळ हवेत काढेल तितकं इंधन नुसतं वजन पेलण्यात जातं.

आईंना असं सांगा: खालून कोणी वरच्या मजल्यावर किल्ली फेकतं. चांगली फेकली तर ती बरोबर आपल्या हाताशी येऊन क्षणभर थांबते, आपण अलगद घेतो. ते उलटं करून बघा. बूस्टरला जमिनीपाशी येऊन नेमका त्या क्षणी शून्य व्हायचं असतं, ना आधी ना नंतर.

---

आईला सांगितलं. म्हणाली, "मग मी डोळे मिटते ते बरोबरच आहे."

---

१५ जुलै २०१९, श्रीहरिकोटा. नाव नोंदवून, रात्रभराचा प्रवास करून गॅलरीत बसलो होतो, चांद्रयान-२साठी. पहाटे २:५१ची वेळ. घड्याळ ५६ मिनिटं २४ सेकंदांवर थांबलं. सुरुवातीला वाटलं ठरलेला होल्ड असेल. मग घोषणा झाली. हजारो माणसं, पण कोणी आरडाओरडा केला नाही. एक छोटा मुलगा झेंडा गुंडाळत होता, व्यवस्थित, काठीभोवती, सुरकुती न पाडता. तेवढंच आठवतं. २२ला परत जाणं जमलं नाही, रजा उरली नव्हती. चालत्या गाडीत फोनवर बघितलं, दुपारी २:४३. रेंज जात येत होती. उड्डाण दिसलंच नाही, रेंज आली तेव्हा ते वर होतं.

---

थांबा, १५ला तुम्ही गॅलरीत होतात? मीही होते! डावीकडे, पायऱ्यांवर.

---

आम्ही उजवीकडे होतो, खालून तिसरी रांग. तुम्ही २२ला गेलात का?

---

गेले. म्हणजे थांबलेच तिकडे, ओळखीच्यांकडे आठवडाभर. सांगते, तुम्हाला तुमचं पाहायचं राहिलंय म्हणून मुद्दाम. आधी नुसता उजेड वर सरकतो, आवाज शून्य. किलोमीटरला तीन सेकंद लागतात आवाजाला, हे शाळेत पाठ केलेलं, पण ते सेकंद प्रत्यक्षात किती लांब असतात ते तिथे कळतं. मग आवाज येतो तो कानात नाही, छातीत येतो. फटफट फटफट असा, कापड फाडल्यासारखा. शेजारच्या आजी माझा हात धरून उभ्या होत्या. ओळख ना पाळख.

सप्टेंबरमध्ये चांद्रयान-२च्या विक्रम लँडरची पडद्यावरची ती हिरवी रेघ २.१ किमीच्या आसपास मूळ मार्गावरून सरकली आणि मग संपर्क तुटला, तेव्हा मला त्या आजींची आठवण आली. त्याही बघत असतील कुठेतरी.

---

धन्यवाद. खरंच. जाणार आहे एकदा नक्की.

---

अवांतर: रात्री लाँच बघताना घरच्यांना त्रास होऊ नये म्हणून इअरफोन कुठले वापरता? माझे एका कानाचे गेले.

---

एकाच कानाचे चालू असतील तर उत्तम. दुसरा कान घरात कोणी उठलं का ते ऐकायला.

---

बी१०५८ या फाल्कन ९च्या बूस्टरबद्दल कोणीच लिहिलं नाही. ३० मे २०२० रोजी बॉब बेंकन आणि डग हर्ली यांना घेऊन गेलेला, बाजूला नासाचं लाल अक्षरांचं बोधचिन्ह असलेला. मी त्याची सगळी उड्डाणं वहीत मांडत होतो. दर वेळी आणखी काळवंडून यायचा, ती लाल अक्षरं पुसट होत गेली. १९ उड्डाणं. डिसेंबर २०२३मध्ये एकोणिसाव्यांदा व्यवस्थित उतरला आणि जहाजावरून परत येताना वादळी वारा नि लाटांनी आडवा झाला. उतरल्यानंतर! त्या पानावर मी पुढे काही लिहिलं नाही, वही तशीच ठेवलीय.

---

अरेरे. मला वाटलं होतं त्याला संग्रहालयात ठेवतील.

---

बाबा क्रेन चालवायचे, तीस वर्षं. रॉकेटबिकेट त्यांना काही नाही. १३ ऑक्टोबर २०२४, रविवार संध्याकाळ, स्टारशिपचं पाचवं उड्डाण. तेव्हा ते आजारी होते, पलंगावरच. मी म्हटलं, "बाबा, बघा, मनोऱ्याच्या हातांनी बूस्टर पकडणार आहेत." ते उठून बसले.

७१ मीटरचं धूड वरून आलं, मनोऱ्याच्या बाजूने तिरकं होऊन आत शिरलं, हात मिटले. मी ओरडत होतो. बाबा मात्र हातांकडेच बघत होते. मग म्हणाले, "लटकवलंय. टेकवलं नाही. वजन वर घेतलंय." मला परत लावायला सांगितलं. नेमकं कुठे धरलंय ते विचारलं. मी शोधून सांगितलं, ग्रिड फिनच्या खाली दोन खुंट्या आहेत, तेवढ्यावरच. त्यांनी मान हलवली. "पाय लावले असते तर पायांचं ओझं वर न्यायला लागलं असतं. हे क्रेनवाल्याचं डोकं आहे."

पाच वेळा बघितलं त्यांनी. जानेवारीत दुसऱ्यांदा असाच बूस्टर पकडला, तेव्हा ते नव्हते. मी आवाज बंद करून पाहिलं.

---

🙏

---

काय लिहू. बाबांनी जे पाहिलं ते आम्हा कोणालाच दिसलं नव्हतं.

---

धागाकर्ती परत आले. सगळं वाचतेय, उत्तरं देता येत नाहीत नीट, हात ओले आहेत आणि डोळेही. आत्ता एक लाँच आहे बरं का, सात मिनिटांत. कोणी आहे जागं?

---

आहे. होल्ड नाही ना?

---

नाही, घड्याळ चालू आहे. मला गगनयानच्या चाचणीपासून धसकाच बसलाय, २१ ऑक्टोबर २०२३, पाच सेकंद उरले असताना संगणकाने थांबवलं होतं. मग दहा वाजता गेलं, मस्त गेलं.

---

गेलं. मस्त वर चाललंय.

---

लेक उठून आलीय. मांडीवर. "नेहमी उतरतं" म्हणतेय पण बोट धरलंय माझं.

---

एन्ट्री बर्न झाला.

---

चित्र गोठलं. कोणाकडे दिसतंय का?

---

माझ्याकडेही नाही. नुसता पांढरा पडदा

---

आवाज वाढवा

---

उतरलं. आत्ता मागे बोलले. उभं आहे.