मदत हवी आहे : बुलेटला झेंडा लावायचाय, पण रंग न खरवडता

राम राम मंडळी. नवरात्रात संभाजीनगरहून बीड-धाराशिवमार्गे तुळजापूरला बुलेटवर निघतोय. मागं भगवा लावायचाय. गेल्या वर्षी काठी कॅरिअरला केबल टायनं आवळली होती. मांजरसुंब्याचा घाट चढेपर्यंत टाय ढिला झाला अन् काठी मडगार्डवर घासत राहिली. मधे धूळ अडकली की पॉलिशपेपरच तो! बोटभर रंग जाऊन पत्रा दिसतोय. बायकोचे टोमणे वेगळेच.

आता कॅरिअरच्या नळीला जुन्या ट्यूबची पट्टी गुंडाळून वर क्लॅम्प बसवावा म्हणतो. पण 80च्या वेगाला ट्यूब सरकते का? काठी फायबरची घ्यावी की स्टीलची? नंबरप्लेट अन् इंडिकेटर झाकायला नकोत. कुणी लावला असेल तर जवळून काढलेला फोटो टाका राव.