मदत हवी आहे : लादीपावाचे मसाला तुकडे डब्यात मऊ पडतात

प्रमाण असं आहे : ६ शिळे लादीपाव, दीड सेंमीचे चौकोनी तुकडे. ३ मोठे चमचे तेल, १ चमचा तिखट, अर्धा चमचा जिरेपूड, पाव चमचा हळद, मीठ आणि ४ पाकळ्या किसलेला लसूण. सगळं चोळून ओव्हनमध्ये १८० अंशांवर १५ मिनिटं, मध्ये एकदा हलवून. गरम असताना कुरकुरीत, पण रात्रभर डब्यात राहिले की मधोमध चिवट. लसूणही करपून कडवट होतो.

अंदाज असा की १८० ला बाहेरून रंग लवकर येतो, आतली वाफ मात्र तशीच राहते आणि नंतर ती कडेला पसरते. म्हणून १३० अंशांवर ३५-४० मिनिटं, मग ओव्हन बंद करून दार किंचित उघडं ठेवून २० मिनिटं आत, असा विचार आहे. लसूण तेलात तळून गाळून घ्यायचा, तिखट शेवटच्या १० मिनिटांत. हे कोणी केलंय का? लादीपावाऐवजी ब्रून (कडक कवचाचा पाव) घेतला तर फरक पडेल? (स्लाइस ब्रेड नको, तो फार तेल पितो.)

दुसरं, वाढण्याबद्दल. टोमॅटोच्या सारात आयत्या वेळी टाकले की झालं, मिसळीवर फरसाणाबरोबरही चालतात. अडचण चाटची आहे. दही आणि चिंचेची चटणी घातली की पाच मिनिटांत लगदा. चक्का वापरून चटणी आटवली तर १५-२० मिनिटं टिकतील का, की तुकडेच मोठे कापावेत?